झडपेच्या आत झडप

मार्च २०१८ च्या अखेरीस चित्रपट अभिनेते व कॅलिफोर्निया राज्याचे माजी गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर लॉस एंजेलिस येथील एका रुग्णालयात दाखल झाले. वय ७०. जन्मजात हृदयदोषामुळे १९९७ मध्ये त्यांच्या फुप्फुस धमनीच्या मुखाशी असलेली झडप बदलण्यात आली होती. ती कायमची नव्हे, हे तेव्हाच ठाऊक होते. एकवीस वर्षांनी तिची मुदत भरली. या वेळी छाती पुन्हा न उघडता रक्तवाहिनीतून कॅथेटर नेऊन नवी झडप बसवावी, असे ठरले. प्रत्यक्षात हृदयाच्या भिंतीला छिद्र पडले, आत रक्तस्राव सुरू झाला आणि छाती तातडीने उघडावी लागली. असा प्रसंग ओढवू शकतो हे गृहीत धरून शस्त्रक्रियेचे पथक आधीच सज्ज ठेवलेले होते, म्हणून प्राण वाचले. काही वर्षांनंतर श्वार्झनेगर यांनी स्वतःच ही हकिकत जाहीरपणे सांगितली.

पैशाची चणचण नाही, रुग्णालय नामांकित, डॉक्टर निष्णात, आणि तरीही हे घडले. ही घटना वाचून कोणी उपचारास घाबरावे असे नाही; कॅथेटरच्या वाटेने झडप बदलून हिंडूफिरू लागलेले हजारो रुग्ण जगभर आहेत. परंतु ज्या घरात दहा-पंधरा वर्षांपूर्वी वडिलांच्या अथवा आईच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली गेली, त्या घरात आज ना उद्या हाच विषय निघणार आहे. तेव्हा मुलगा दुकानातून येऊन उत्साहाने सांगतो, ‘‘अण्णा, आता छाती कापत नाहीत. मांडीतून नळी घालतात, तिसऱ्या दिवशी घरी!’’ अण्णांनाही ते ऐकून हायसे वाटते. यातील ‘नळी घालतात’ हे खरे आहे, ‘तिसऱ्या दिवशी घरी’ हेही पुष्कळदा खरे ठरते. न सांगितलेला भाग मात्र बराच मोठा आहे.

हृदयाला चार झडपा असतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा त्या उघडतात व मिटतात. संधिवाताच्या तापाने, वयोमानाने साचणाऱ्या कॅल्शियममुळे किंवा जन्मजात दोषामुळे झडप निकामी झाली, की कृत्रिम झडप बसवावी लागते. तिचे प्रमुख प्रकार दोन. पहिली यांत्रिक, म्हणजे धातू, कार्बन अशा द्रव्यांची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडवलेली व १९९० मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवलेली ‘चित्रा’ झडप याच वर्गातली. ही झडप सहसा झिजत नाही, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुसरी जैविक झडप. ती डुकराच्या हृदयातील झडपेपासून किंवा गाय-बैलाच्या हृदयावरील आवरणापासून, रसायनांची प्रक्रिया करून बनवतात. हिला बहुधा जन्मभराची गोळी लागत नाही, पण हिला घसारा आहे. साधारण दहा ते पंधरा वर्षांत तिच्या पाकळ्या ताठरतात, फाटतात किंवा त्यांवर कॅल्शियम साचते. रुग्ण जितका तरुण, तितका हा घसारा जलद.

मुदत संपलेल्या जैविक झडपेच्या पोटातच दुसरी जैविक झडप बसवणे, हा कॅथेटर उपचाराचा गाभा होय. जुनी झडप काढत नाहीत. हा मुद्दा पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. ‘बदलली’ या शब्दाने गैरसमज होतो. जुनी झडप जिथल्या तिथे राहते. नवी झडप तिच्या आत फुगवली किंवा उलगडली जाते आणि जुन्या पाकळ्या बाजूला दाबून ती त्यांची जागा घेते. स्वयंपाकघरातील एकात एक बसणारे डबे डोळ्यांसमोर आणले, की या उपचाराचा फायदा आणि त्यातील बहुतेक धोके एकदमच उमगतात.

कॅथेटरने झडप बसवण्याच्या विद्येचा आरंभच खराब झालेल्या कृत्रिम भागापासून झाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पॅरिसमध्ये डॉ. फिलिप बोनहोफर यांनी बारा वर्षांच्या एका मुलाच्या हृदयात कॅथेटरने झडप बसवली आणि २००० मध्ये तो वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या मुलाला पूर्वीच्या शस्त्रक्रियेत बसवलेली कृत्रिम वाहिनी निकामी झाली होती. नवी झडप बसवली ती त्या वाहिनीतच. त्यानंतर १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी महाधमनीच्या मूळ झडपेच्या जागी हाच प्रयोग केला. शल्यचिकित्सकांनी ज्याच्यावर शस्त्रक्रिया करण्यास नकार दिला होता, असा तो रुग्ण होता. जुन्या शस्त्रक्रियेतील जैविक झडपेच्या आत कॅथेटरची झडप बसवण्याचे प्रयोग २००७ च्या सुमारास सुरू झाले आणि दहा वर्षांत हा उपचार जगभर पसरला.

पसरण्याचे कारण उघड आहे. एकदा उघडलेली छाती पुन्हा उघडणे पहिल्या खेपेपेक्षा अवघड असते. आतील अवयव व्रणाने एकमेकांना चिकटलेले असतात, प्रसंगी हृदयाचा पृष्ठभाग छातीच्या हाडामागे घट्ट धरलेला असतो. रुग्णाचे वय वाढलेले, मूत्रपिंडे थकलेली, मधुमेह सोबतीला. अशा माणसाला पुन्हा मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावयास न लावता झडप मिळत असेल, तर ती सोय नाकारण्यासारखी नाही. प्रश्न एवढाच, की ही सोय कोणाला किती जोखमीची पडते.

त्याचे पहिले मोठे उत्तर २०१४ मध्ये मिळाले. महाधमनीच्या जागची जैविक झडप बिघडलेल्या व कॅथेटरने दुसरी बसवलेल्या ४५९ रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदवही त्या वर्षी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रुग्णांचे सरासरी वय ७७ च्या पुढे होते. उपचारानंतर ३० दिवसांत ७.६ टक्के रुग्ण दगावले, १.७ टक्क्यांना मोठा पक्षाघात झाला, आणि वर्षअखेर ८३.२ टक्के हयात होते. सरासरीच्या पोटात काय दडलेले असते, हे ताळेबंद वाचणाऱ्यांना सांगावयास नको. ज्यांची जुनी झडप मोठी होती, त्यांच्यापैकी ९३.३ टक्के वर्षाअखेर हयात होते. ज्यांची जुनी झडप २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान होती, त्यांच्यात हेच प्रमाण ७४.८ टक्के होते. झडप गळू लागल्यामुळे उपचार झाला त्यांच्यात ९१.२ टक्के, तर झडप आकसून अरुंद झाल्यामुळे झाला त्यांच्यात ७६.६ टक्के. उपचाराचे नाव एकच, पण जोखीम किती निरनिराळी!

पुढे अनुभव वाढला. अमेरिकेतील ३६५ रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका नोंदवहीत ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण २.७ टक्के आणि वर्षाअखेरचे १२.४ टक्के आढळले. प्रगती निश्चितच मोठी आहे. मात्र या नोंदवहीत अगदी लहान आकाराच्या जुन्या झडपांचे रुग्ण घेतलेच नव्हते. बुडीत होण्याचा संभव असलेली खाती वगळली, की कोणत्याही पेढीची वसुली चांगली दिसते; दोन्ही आकडे शेजारी मांडताना हे विसरू नये.

लहान झडपेला एवढे महत्त्व का, याचे उत्तर शाळेतील भूमितीत आहे. जुन्या झडपेचे कडे धातूचे किंवा कठीण प्लास्टिकचे असते; ते ताणले जात नाही. त्याच्या आत नव्या झडपेची जाळीदार धातूची चौकट आणि तिच्या पाकळ्या मावल्या पाहिजेत. रक्त वाहण्याचा व्यास समजा २१ मिलिमीटरवरून १७ वर आला. फरक चारच मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे वाट जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. मग नवी झडप उत्तम चालत असूनही हृदयाला प्रत्येक ठोक्याला अरुंद दारातून रक्त ढकलावे लागते. धाप पूर्णपणे जात नाही, हृदयाचा स्नायू जाड होत राहतो. लहान चणीच्या रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, पहिल्याच शस्त्रक्रियेत १९ किंवा २१ क्रमांकाची झडप बसलेली असते. त्यांच्याबाबतीत ही अडचण पहिल्या दिवसापासून पुढ्यात मांडून ठेवलेली असते. त्यातही झडपेवर छापलेला क्रमांक आणि तिचा आतील खरा व्यास हे एक नसतात. खरा व्यास छापील आकड्याहून कमी असतो, आणि किती कमी हे प्रत्येक बनावटीत वेगळे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात काम करीत असताना शल्यचिकित्सक डॉ. विनायक बापट यांनी निरनिराळ्या झडपांची ही मोजमापे गोळा करून मोबाइलवर पाहता येईल अशी सूचीच तयार केली. जुन्या झडपेचे नाव व क्रमांक घातला, की तिचा आतील व्यास, एक्स-रेमध्ये ती कशी दिसेल आणि नवी झडप कोणत्या पातळीवर बसवावी, हे तीत मिळते. जगभरचे डॉक्टर ती वापरतात.

अरुंदपणावर एक धाडसी तोड निघाली आहे. अतिशय उच्च दाबाचा फुगा फुगवून जुन्या झडपेचे कडेच तडकवायचे, म्हणजे नवी झडप अधिक उलगडते. काही बनावटींची कडी अशी तडकतात. काही कितीही दाब दिला तरी तडकत नाहीत. शिवाय हा दाब शेजारच्या महाधमनीलाही सोसावा लागतो, ती फाटण्याचा धोका राहतो. म्हणून हा उपाय सरसकट होत नाही.

सर्वांत भयावह धोका मात्र वेगळाच आहे. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या महाधमनीच्या झडपेच्या अगदी जवळून, किंचित वरून निघतात. शस्त्रक्रियेत झडप बदलताना शल्यचिकित्सक खराब पाकळ्या कापून टाकतो. कॅथेटरच्या उपचारात त्या कापल्या जात नाहीत. नवी झडप त्यांना कायमच्या उभ्या दाबून धरते. एरवी उघडझाप करणाऱ्या त्या तीन पाकळ्यांची आता एक उभी भिंत होते. ही भिंत धमनीच्या मुखासमोर आली आणि दोहोंमध्ये पुरेशी जागा नसली, तर धमनी जागीच बंद पडते. म्हणजे झडपेचा उपचार चालू असतानाच हृदयविकाराचा प्रचंड झटका. १६१२ रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा प्रकार ३७ रुग्णांत, म्हणजे २.३ टक्क्यांत घडला. प्रमाण थोडे वाटते, पण ज्यांच्यात घडला त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक रुग्ण ३० दिवसांत दगावले. त्याच पाहणीत आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक, पाकळ्या चौकटीच्या आतून शिवलेल्या झडपांत हा धोका एक टक्क्याहून कमी होता, तर पाकळ्या चौकटीच्या बाहेरून शिवलेल्या किंवा चौकटच नसलेल्या झडपांत तो कित्येक पटींनी अधिक. दोन, नवी झडप बसल्यावर तिची कड आणि धमनीचे मुख यांत ४ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर उरणार असेल, तर धोका ठळकपणे वाढतो.

हे अंतर आधीच मोजता येते, हीच यातील दिलासा देणारी बाब. त्यासाठी हृदयाचा विशेष सीटी स्कॅन करून संगणकावर नवी झडप मांडून पाहतात. अंतर कमी भरले तर पर्याय आहेत. धमनीत आधीच तार व स्टेंट नेऊन तयार ठेवतात, गरज पडताच तो उघडतात. दुसरा उपाय अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांच्या प्रयत्नांतून पुढे आला. त्यात विद्युत्‌प्रवाह सोडलेल्या बारीक तारेने जुनी पाकळी मधोमध उभी चिरतात. नवी झडप बसली, की ती चीर फाकते आणि तीतून रक्त धमनीत जात राहते. मोजके सराव असलेले हातच हे करू शकतात. आणि तिसरा पर्याय म्हणजे कॅथेटरचा नाद सोडून शस्त्रक्रिया करणे. अनेक घरांत हा तिसरा पर्याय ‘मागे जाणे’ वाटतो. तसे मुळीच नाही. ज्या रुग्णाचे वय फार नाही, प्रकृती धडधाकट आहे आणि जुनी झडप लहान आहे, त्याच्यासाठी जुनी झडप काढून, गरज असल्यास महाधमनीचे मूळ रुंदावून मोठी झडप बसवणारी शस्त्रक्रिया पुष्कळदा अधिक हिताची असते. दोन्ही मार्गांची तुलना करणाऱ्या निरीक्षणांत आरंभीचे महिने कॅथेटरच्या बाजूने झुकतात, आणि वर्षे जातील तसा तो फायदा ओसरत जाताना दिसतो. वय ८२ असलेल्या आजीचा निर्णय आणि ६२ वर्षांच्या तिच्या मुलाचा निर्णय एकच असू शकत नाही.

बाकीचे धोके थोडक्यात पाहता येतील. झडप योग्य पातळीवर न बसणे, घसरणे हा प्रकार आरंभीच्या काळात बराच होता. २०१२ मधील २०२ रुग्णांच्या पाहणीत तो १५.३ टक्के होता, नवी साधने व सूची आल्यापासून तो उतरला आहे. कॅल्शियमचा कण सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात, मांडीतील रक्तवाहिनीला इजा, एक्स-रेसाठी टोचलेल्या औषधामुळे मूत्रपिंडांवर ताण, हे कोणत्याही कॅथेटर उपचारासोबत येतातच. एका बाबतीत मात्र जुनी झडप उपकारक ठरते. तिचे कडे मध्ये असल्याने हृदयाच्या विद्युत्‌मार्गावर थेट दाब कमी पडतो, त्यामुळे पेसमेकरची गरज मूळ झडपेवरील उपचारापेक्षा कमी लागते.

डावीकडील दोन कप्प्यांच्या मधली द्विदल झडप पूर्वी बदललेली असेल तर वाट निराळी. मांडीच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूस, तेथून मधला पडदा भेदून डाव्या बाजूस. अमेरिकेतील १५२९ रुग्णांच्या नोंदीत अशी झडप ९६.८ टक्के वेळा व्यवस्थित बसली, ३० दिवसांत ५.४ टक्के रुग्ण दगावले. येथील खास धोका असा, की नवी झडप डाव्या कप्प्यातून महाधमनीकडे जाणारी वाटच अडवू शकते. ५२१ रुग्णांच्या एका पाहणीत पूर्वीच्या जैविक झडपेच्या आत झडप बसवली तेव्हा हे २.२ टक्क्यांत घडले, पूर्वी केवळ दुरुस्तीचे कडे बसवलेले होते तेथे ५ टक्क्यांत, आणि कृत्रिम काहीच नसून नुसते कॅल्शियम साचलेले होते तेथे जवळजवळ ४० टक्क्यांत. ‘द्विदल झडपेत कॅथेटरने झडप’ असे एका वाक्यात सांगितले जाते, त्यात या तीन निरनिराळ्या गोष्टी असतात.

पूर्वीची झडप यांत्रिक असेल तर हा सारा विचारच लागू होत नाही. धातूची चकती बाजूला दाबून तिच्या आत दुसरी झडप बसवता येत नाही. ती अडकली तर गुठळी विरघळवणारे औषध किंवा शस्त्रक्रिया हेच मार्ग. तसेच जुन्या झडपेला जंतुसंसर्ग झालेला असेल, तर तिच्यावर नवी झडप बसवणे म्हणजे कुजलेल्या तुळईवर नवा मजला चढवणे. बारीक ताप, वजन घटणे, अशक्तपणा ही लक्षणे असतील तर आधी रक्ताच्या तपासण्या होतात.

आणि एक शक्यता अशी, जिच्याबद्दल रुग्णाचे नातेवाईक क्वचितच विचारतात. झडप खरोखर झिजली आहे काय? इकोमध्ये झडपेवरचा दाब वाढलेला दिसला, की ‘झडप गेली’ असा निष्कर्ष घरात निघतो. पण कधी पाकळ्यांवर रक्ताचा पातळ थर गोठलेला असतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी काही आठवड्यांत झडप पुन्हा मोकळी होते. कधी झडप पहिल्या दिवसापासूनच शरीराच्या मानाने लहान असते, झिजलेली नसतेच. अशा झडपेच्या आत आणखी एक झडप बसवल्याने दुखणे कमी न होता वाढते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिन्याने काढलेला इको अहवाल जपून ठेवला असेल, तर हा भेद पाच मिनिटांत उलगडतो. आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल तर आजचा नफा-तोटा कसा काढणार?

जैन कुटुंबांत या विषयाला आणखी एक बाजू असते आणि ती संकोचाने झाकली जाते. आज सर्रास वापरात असलेल्या कॅथेटरच्या झडपांच्या पाकळ्या प्राण्यांच्या ऊतींच्याच आहेत. वापीच्या मेरिल कंपनीची भारतीय बनावटीची ‘मायव्हॉल’ही त्यास अपवाद नाही. कृत्रिम बहुलकाच्या पाकळ्यांवर संशोधन चालू आहे. ज्याला प्राणिज झडप नको आहे, त्याच्यासमोर शस्त्रक्रियेने बसवायची यांत्रिक झडप आणि जन्मभराची गोळी हा मार्ग उरतो. कोणी प्राणरक्षणासाठी जैविक झडप स्वीकारतो, कोणी नाही. तो ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग. परंतु हा प्रश्न पहिल्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारावा, साधुसाध्वींचा विचार घ्यावयाचा असेल तर तोही तेव्हाच. रुग्ण टेबलावर गेल्यावर कोणा नातेवाइकाने ‘हे कशाचे असते हो?’ असे विचारून घरादाराला अपराधी वाटावयास लावणे फार क्लेशकारक होते.

आहाराचा संबंधही प्रत्यक्ष आहे. झडपेच्या आत झडप बसवल्यावर पाकळ्यांवर गुठळी धरण्याचा संभव मूळ झडपेवरील उपचारापेक्षा अधिक असतो, म्हणून कित्येक रुग्णांना काही महिने वॉरफेरिन किंवा असेनोकुमरॉल जातीची गोळी देतात. या गोळीचा प्रभाव हिरव्या पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्वाने कमी होतो. वर्षभर मेथी-पालक खाणाऱ्या आजोबांनी चातुर्मासात पालेभाज्यांचा त्याग केला, की तीच मात्रा जड होऊन रक्तस्राव होऊ शकतो. पारणे झाल्यावर पालेभाजी सुरू झाली, की उलट घडून गुठळी धरू शकते. त्याग करू नये असे नव्हे. तो सुरू करण्याआधी व संपल्यावर रक्ताची आयएनआर तपासणी करून मात्रा बदलून घ्यावी. ही गोळी बहुधा संध्याकाळी देतात. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्याने ते डॉक्टरांना सांगितले नाही, तर गोळी चुकत राहते आणि घरात कोणाला पत्ता नसतो. वेळ दुपारची करून घेणे अगदी सोपे आहे. निर्जळ उपवासाच्या लगतच्या दिवसांत सीटी स्कॅन किंवा कॅथेटर उपचार ठरवू नये, मूत्रपिंडांना ते मानवत नाही. दाताचे काम करण्यापूर्वीही दंतवैद्याला कृत्रिम झडपेची कल्पना द्यावी, कारण हिरड्यांतून रक्तात गेलेले जंतू झडपेवर घर करतात.

खर्चाविषयी दोन शब्द. कॅथेटरच्या झडपेची किंमतच लाखांत मोजावी लागते. विमा असेल तर पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख प्रस्ताव अर्जात केलेला आहे काय, हे निकड येण्याआधी पाहून ठेवावे. लपवलेले जुने दुखणे दाव्याच्या वेळी हमखास वर येते.

डॉक्टरांच्या भेटीला जाताना कुटुंबाने न्यावयाची सर्वांत मोलाची वस्तू पैसा नव्हे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला एक लहानसे कार्ड मिळालेले असते. त्यावर झडपेचे नाव, बनावट, आकार, अनुक्रमांक आणि शस्त्रक्रियेची तारीख असते. कडे तडकते की नाही, पाकळ्या आतून शिवल्या आहेत की बाहेरून, आतला व्यास किती, नव्या झडपेचा कोणता आकार बसेल, या साऱ्याची किल्ली त्या कार्डात आहे. वीस-वीस वर्षांच्या खतावण्या जपणाऱ्या घरांतही ते कार्ड बहुधा सापडत नाही. घर बदलताना, रंगकाम करताना जुन्या औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत ते टाकून दिलेले असते. सापडले तर त्याचे छायाचित्र घरातील दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवावे. नाही सापडले, तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथील नोंदणी विभागाकडे नाव व वर्ष देऊन शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागावी. झडपेच्या वेष्टनावरची चिकटपट्टी त्या टिपणाला लावलेली असते. तेही मिळाले नाही, तर सीटी स्कॅनवरून अनुभवी डॉक्टर झडपेची बनावट बव्हंशी ओळखतात, पण त्यात अंदाजाला जागा राहते. मग तेथेच आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: धमनीचे अंतर किती मिलिमीटर भरले, झडप बसल्यावर दाब किती उरेल असे वाटते, आणि त्या दिवशी त्याच इमारतीत हृदयशल्यचिकित्सक हजर असतील काय.